बँकेच्या वसुली दाव्याचं समन्स आलंय, गेलो नाही तर चालेल का?

अर्धाचहप्ता
मागच्या मंगळवारी बेलिफ घरी येऊन गेला. मी कामावर होतो, आईने सही करून कागद घेतले. 2018 मध्ये एका बँकेकडून 1,50,000चं वैयक्तिक कर्ज घेतलं होतं, हप्ता 5,274. नोकरी गेली, नोव्हेंबर 2019 नंतर भरता आलं नाही. दावा जुलै 2024चा आहे, रक्कम लावलीय 2,41,600. तीन वर्षं कधीच उलटली, म्हणजे दावा मुदतबाह्य ना? शिवाय समन्सवर सही आईची, माझी नाही. वसुलीवाला फोनवर म्हणतोय, "कोर्टात कशाला हेलपाटे घालता, 5,000 टाका, मी पाठवतो त्या पत्रावर सही करा, दावा काढून घेतो." काय करू?

बिनधास्त_बाळू
तीन वर्षं झाली ना? विषय संपला. मेहुण्याला चार नोटिसा आल्या होत्या, त्याने एकही फोडली नाही. काही झालं नाही.

निवृत्त_कारकून
बाळूराव, नोटीस वकील पाठवतो, समन्स कोर्ट पाठवतं. मेहुण्याला समन्स आलं असतं तर तुम्ही असं लिहिलं नसतं.

मी दिवाणी कोर्टात 31 वर्षं काढली, त्यातली बरीचशी दरखास्तीच्या, म्हणजे निकालाच्या अंमलबजावणीच्या, टेबलावर. प्रतिवादीचा तीनदा पुकारा होतो, कोणी उठत नाही, रोजनाम्यात "एकतर्फी" असं लिहिलं जातं आणि पुढच्या दाव्याचा पुकारा. मग बँकेचा माणूस शपथपत्र देतो, उलटतपास घ्यायला समोर कोणी नसतं, आणि मागितलेली रक्कम बहुतेक वेळा तशीच हुकूमनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या अंतिम हुकुमात, उतरते. लोक माझ्याकडे यायचे ते त्यानंतर, पगार जप्तीचा हुकूम ऑफिसात पोचल्यावर. पगारातले पहिले 1,000 आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सोडून बाकीचं कापलं जातं. "आम्हाला काही कळलंच नाही" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की पाठ झालंय.

तुम्ही घरी नसताना घरातल्या सज्ञान माणसाने समन्स घेतलं तर बजावणी होते. त्या सहीच्या भरवशावर राहू नका.

आता मुदत. तुमचं गणित चुकतंय आणि ते बऱ्याच जणांचं चुकतं. कोविडमुळे 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ सर्वोच्च न्यायालयाने मुदतीतून वगळला आहे. नोव्हेंबर 2019 पासून त्या मार्चपर्यंत चारेक महिने गेले, उरलेले बत्तीस महिने 1 मार्च 2022 पासून धरा. ऑक्टोबर 2024च्या आसपास येता. दावा जुलैचा, म्हणजे मुदतीत बसतो असं दिसतंय. मुद्दा कैफियतीत, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तरात, जरूर घ्या, पण सगळी मदार त्यावर नको.

समन्स नीट वाचा. "आदेश 37" म्हणजे झटपट निकालाचा दावा असेल तर दहा दिवसांतच हजेरी लावावी लागते, आणि पुढे बचाव करायला परवानगी मागावी लागते. साधा दावा असेल तर बजावणीपासून 30 दिवसांत कैफियत. कारण दाखवलं तर कोर्ट 90 दिवसांपर्यंत वाढवून देतं.

कैफियतीत "दावा खोटा आहे, सबब नाकबूल" एवढंच लिहून भागत नाही. परिच्छेदवार उत्तर द्यायचं. जे स्पष्ट नाकारलं नाही ते कबूल धरलं जातं. कर्ज घेतलंत हे खरं आहे, ते खरंच सांगा. भांडण रकमेचं करा. दाव्यासोबत खातेउतारा जोडलेला असणार. तो पहिल्या ओळीपासून वाचा, मग इथे सांगा.

ते पत्र? अजिबात नाही. सही केलीत की तीच कबुली कोर्टापुढे येईल, आणि दावा काढून घेतो म्हणणाऱ्याला दावा काढायचा अधिकार आहे का, हे तरी त्याला विचारलंत का? तडजोड करायची तर लोकन्यायालयात, लेखी. तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नसतं, तेव्हा आकडा पक्का झाल्याशिवाय होकार देऊ नका.

वकील_मॅडम_नाही
वकिलाची फी परवडत नसेल तर कोर्टातच तालुका विधी सेवा समिती असते, तिथे विचारा. बायकांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची अट असते. माझं काम तिथूनच झालं. पहिल्या दिवशी वकील साहेब माझं नाव विसरले, पण कैफियत वेळेत गेली.

अर्धाचहप्ता
काका, आदेश 37 कुठे दिसत नाही, साधाच दावा आहे. उतारा रात्री काढून बसलो. तो एप्रिल 2020 पासून सुरू होतो! पहिलीच ओळ "आरंभीची बाकी 1,31,200". त्याआधीचं एक पान नाही. मी भरलेले 18 हप्ते कुठेच दिसत नाहीत. कर्ज देताना हप्त्यांचा जो तक्ता दिला होता तो सापडला. त्यात 18व्या हप्त्यानंतर मुद्दल 83,895 उरतं असं छापलंय.

निवृत्त_कारकून
बघा, सापडलं ना. 83,895 आणि 1,31,200, मध्ये फक्त चारपाच महिने. एवढी बाकी कशी फुगली ते सांगायची जबाबदारी आता बँकेची. कैफियतीत हे आकड्यांसकट लिहा: हप्ते किती, कोणत्या तारखांना, तक्ता काय म्हणतो, आणि 2018 पासूनचा पूर्ण उतारा हजर करावा अशी मागणी. पासबुकावर ते 18 हप्ते दिसतात का?

अर्धाचहप्ता
सोळा दिसतात. दोनदा रोख भरले होते, पावत्या आईच्या कपाटात असतील.

निवृत्त_कारकून
आजच शोधा. मूळ पावती तुमच्याकडे ठेवा, झेरॉक्स वकिलाला द्या. आणि तारखेला साडेदहाला पोचा, अकराला पुकारा सुरू होतो.