अर्ज मागवू नका, शेजाऱ्यांना विचारा

सोलापुरात गल्लोगल्ली लोकांसाठी राबणाऱ्यांचा सत्कार करायचा आणि त्यासाठी इच्छुकांकडून अर्ज मागवायचे, अशी सूचना आलीय. मला ते पटत नाही. खरं काम करणारा माणूस स्वतःचा अर्ज कधीच भरणार नाही. आमच्या गल्लीतल्या एक मावशी दिवसभर विड्या वळतात आणि संध्याकाळी शेजारच्या एकट्या म्हाताऱ्यांना दवाखान्यात नेतात, केसपेपर काढण्यापासून औषधं समजावण्यापर्यंत सगळं बघतात. 'अर्ज करा' म्हटलं तर त्या उठून आत जातील! त्यांच्याबद्दल सांगायला मात्र अख्खी गल्ली तयार आहे. म्हणून नावं शेजाऱ्यांनीच सुचवावीत.

हे सोलापूर शहर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं. १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले, अवघ्या ३२ व्या वर्षी. त्यांचं नाव आपण अभिमानाने घेतो, मग आज गल्लीत राबणाऱ्यांना हयातीतच दाद द्यायला काय हरकत आहे?

आणि एक. शाल कुठलीही नको, आपली सोलापुरी चादरच द्या. कार्यक्रम त्यांच्याच गल्लीत, कामाची वेळ सोडून ठेवा. हातावर पोट असलेल्या बाईची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून सत्कार करू नका.