तळं हिरवं कशाने झालं, खताने की संडासाने?

तळ्याकाठचा: आमच्या वाडीतलं तळं दसऱ्यापासून हिरव्या ऑइलपेंटचा डबा उपडा केल्यासारखं दिसतंय. शेवाळ आधीही असायचं, पण ते दगडाला चिकटलेलं, धुणं धुताना पाय सटकायचा इतकंच. हे वेगळंय, काठी बुडवली तर तंतू येत नाहीत, नुसता रंग लागतो आणि वास असा की जेवण जात नाही. माझं मत स्पष्ट आहे, वर डोंगरावर आंबा-काजूच्या बागा झाल्या, पोत्यांनी सुफला खत पडतं, ते पावसात सगळं खाली येतं.

हापूसवाला: झालं, आले बागायतदारावर! खत आम्ही आळं काढून मातीआड करतो रे, पोत्याचा भाव माहितीये का, वाहून जायला टाकतो काय? त्यात आपली जांभ्याची माती, लोह भरपूर, ती खतातला फॉस्फरस, म्हणजे शेवाळाचं मुख्य खाद्य, अशी धरून बसते की झाडालाच नीट मिळत नाही. तळ्याला लागून होमस्टे उठलेत त्यांचे शोषखड्डे बघ आधी. जांभा म्हणजे चाळण.

सड्यावरची: त्यातला एक होमस्टे माझा आहे, म्हणून बोलते. माझी गर्दी मे महिन्यात, तेव्हा तळं बरं होतं. मग आत्ताच हिरवं कसं?

हापूसवाला: कारण पावसात सांडवा वाहत होता, पाणी खेळतं होतं. आता ऑक्टोबरचं ऊन, पाणी थांबलेलं आणि गरम. या नील-हरित शेवाळाला २५ डिग्रीच्या वर मजाच असते. खाद्य मात्र मे मधलंच, तुझ्या टाकीतून झिरपून गाळात बसलेलं.

तळ्याकाठचा: गाळाचं बोललास ते बरं झालं, कारण तुझी लोहाची गोष्ट अर्धीच आहे. जेसीबीने डोंगर कापलास, ती माती फॉस्फरससकट तळ्यात आली. तळाशी ऑक्सिजन संपला की तेच लोह फॉस्फरस सोडून देतं. कॅनडात १९७३ मध्ये एका तळ्याला मधोमध पडदा लावून दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन घातला, फॉस्फरस फक्त एकीकडे, आणि तीच बाजू हिरवीगार झाली. म्हणजे प्रश्न एवढाच, फॉस्फरस कोणाचा.

सड्यावरची: गणपती आणि निर्माल्य कोणी मोजणारच नाही ना? आणि धुण्याची पावडर?

खाडीकर: तुम्ही तिघं भांडा, मी सकाळी साडेपाचला गेलो होतो. कटले मासे काठाला तोंड वर काढून हवा घेत होते, दोन मेलेले. रात्री हे शेवाळच ऑक्सिजन खातं, म्हणून पहाटे मासा मरतो. आता खरं सांगा, मासे सोडायचा ठेका दिल्यावर ठेकेदाराने तळ्यात शेण, कोंबडीखत आणि सुपर फॉस्फेट किती ओतलं? तळ्यात मुद्दाम फॉस्फरस घालणारा तोच एकटा आहे, आणि लिलावाला हात वर करणारे आपणच.

हापूसवाला: हे मात्र डोक्यात आलंच नव्हतं. पण तरी शोषखड्डे सुटत नाहीत हां.

सड्यावरची: शेजारीण म्हणते पाणी उकळून घेतलं की चालतं, गुरांना पण देते.

खाडीकर: अजिबात नको! उकळून जंतू मरतील, या शेवाळाचं विष जाणार नाही. अमेरिकेत टोलेडो शहरात २०१४ ला याच कारणाने सुमारे पाच लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका सांगितलेलं, उकळूनही नाही. म्हशी आधी बाहेर काढा. आणि बरणीत पाणी भरून फ्रीजमध्ये रात्रभर ठेवा, हिरवं वर तरंगलं तर बहुतेक तेच नील-हरित शेवाळ.

तळ्याकाठचा: ठेवली. बायको विचारतेय कैरीचं पन्हं आहे का म्हणून.