बॉक्सिंग: १९६६ चा मुहम्मद अली विरुद्ध १९८८ चा माइक टायसन, कोण जिंकेल?

चहाबाज: काल रात्री दोनपर्यंत रूममेटशी यावरून भांडलोय. एकीकडे ह्यूस्टनला क्लीव्हलंड विल्यम्सला तिसऱ्या राउंडातच संपवणारा अली, दुसरीकडे स्पिंक्सला ९१ सेकंदांत घरी पाठवणारा टायसन. माझं मत टायसन. बोला.

रात्रपाळी: टायसन जिंकला तर पहिल्या चार राउंडात, नाहीतर विसरा. अलीची खोड माहितीये ना, हात खाली सोडून नुसती मान मागे घ्यायची, त्यापायीच १९६३ ला कूपरच्या आणि १९७१ ला फ्रेझरच्या लेफ्ट हुकने (डाव्या हाताच्या, बाजूने वळून येणाऱ्या ठोशाने) बुड टेकलं, आणि टायसनचा हुक तर खालून येतो, दिसतच नाही.

जुनाखोड: अहो पडला तरी दोन्ही वेळा उठला की! फ्रेझरने पंधराव्यात पाडला तरी शेवटच्या घंटेला पठ्ठ्या उभाच. उलट टायसनचं टोकियोत काय झालं बघा, डग्लसने लांबून जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), मागोमाग उजवा ठोसा, जवळ आला की मिठी, असं करत करत दहाव्या राउंडात त्याला दातांवरचं माउथगार्ड शोधत रांगायला लावलं. अली तर टायसनपेक्षा पाच इंच उंच, वर पाय भिंगरीसारखे.

रात्रपाळी: १९९० चा टायसन धरू नका हो, तोवर त्याने रूनी कोचला काढलं होतं, ठोसे चुकवायला डोकं हलवणंच बंद झालेलं.

जुनाखोड: बरं, नाही धरत. तरी अलीच, दहाव्याच्या आसपास रेफ्री थांबवेल.

चहाबाज: रूममेटपण डिट्टो हेच म्हणत होता. त्याला हे दाखवत नाही.