"आता पथक बोलवायची गरज नाही" म्हणे! नाशिक ढोलाच्या सॅम्पल पॅकबद्दल

गंगापूररोडकर:
परवा इथे एकाने पोस्ट टाकली, "नाशिक ढोलाचं सॅम्पल पॅक आलंय, ४० हिट्स, ३०० रुपये, आता रेकॉर्डिंगला पथक बोलवायची गरज नाही." (सॅम्पल पॅक म्हणजे ढोलाचे एकेक ठोके, म्हणजे हिट्स, रेकॉर्ड केलेल्या फाइली, की दाबली की वाजतात.) ते शेवटचं वाक्य डोक्यातून जाईना म्हणून पैसे भरून पॅक घेतलं आणि दोन रात्री वाजवून बघितलं. अकरा वर्षं पथकात ढोल वाजवलाय, त्यामुळे जरा मोठं लिहितोय, वाचा.

चाळीसच्या चाळीस हिट्स फुल ताकदीने मारलेल्या आहेत. की हळू दाबली की फक्त आवाज लहान होतो, ढोल तोच. मिडीत व्हेलॉसिटी, म्हणजे की किती जोरात दाबली त्याचा आकडा, १२७ पर्यंत जाते, इथे २० ला आणि १२० ला एकच फाइल वाजते. खरा ढोल असा नसतो हो. हळू मारलं तर नुसतं पान (ढोलावरचा पडदा) बोलतं, जोरात मारलं की पान ताणलं जाऊन सूर क्षणभर वर चढतो आणि मग खाली बसतो, तो "धूम" मधला "ऊ" तिथून येतो. शिवाय एकच हिट आठ वेळा लागोपाठ आली की मशीनगन. राउंड रॉबिन, म्हणजे त्याच ठोक्याच्या वेगवेगळ्या फाइली आळीपाळीने वाजवणं, हा प्रकार त्यासाठीच असतो ना!

आणि पॅकमध्ये "३० ढोलांचं पथक" म्हणून जे दिलंय ते एकाच ढोलाच्या फाइली एकावर एक ठेवलेल्या आहेत. तीच फाइल दोनदा ठेवली की ६ डेसिबल वाढतात, बाकी काही होत नाही. दोन वेगळ्या हिट्स असत्या तर ३ च वाढले असते पण आवाज रुंद झाला असता. थोडं मागेपुढे सरकवलं तर विमान गेल्यासारखा सूं आवाज येतो, तोही आहे पॅकमध्ये. तीस जण तंतोतंत एकसारखं वाजवत नाहीत म्हणून तर ते पथक वाटतं.

माझा हिशोब, ६ प्रकारचे हात (मारायच्या पद्धती), प्रत्येकाचे हळू ते जोरात असे ६ लेयर, प्रत्येक लेयरला ८ राउंड रॉबिन म्हणजे २८८ हिट्स. तीन माइक लावले तर ८६४ फाइली. एवढं केल्याशिवाय "गरज नाही" म्हणू नये.

सिडकोचा_बीटमेकर:
पॅक माझं आहे. अंबडला एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो, घरी एकच माइक आहे, तोही हप्त्यावर घेतलेला. ८६४ फाइली, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, तीन सेकंदांची स्टिरिओ हिट धरली तर पाऊणएक जीबी होतं, ते ३०० रुपयात विकू का? माझं गिऱ्हाईक रील बनवणारी पोरं आहेत, ती मोबाइलच्या स्पीकरवर ऐकतात. आणि पथकाचं म्हणाल तर मी गेलो होतो विचारायला, एका तासाच्या रेकॉर्डिंगचे पंधरा हजार सांगितले. आमच्यासारख्याने गाणं करूच नये का मग?

पंचवटीचा_तबलजी:
पैशाचा विषय निघालाच आहे तर माझं ऐका. एका स्टुडिओने मला दिवसभर बसवून डग्ग्याचे घिस्से, तबल्याचे ना, तिन, सगळं रेकॉर्ड करून घेतलं, ३००० रुपये दिले. वर्षभराने रिक्षात बसलो होतो, रेडिओवर जाहिरात लागली आणि त्यात माझा घिस्सा! मनगट सरकवताना मला शेवटी एक छोटा झटका द्यायची सवय आहे, ती दुसऱ्या कुणाचीच नाही. एकदा घेतलेला हात लोक कितीही वर्षं वाजवतात आणि आम्हाला तेच तीन हजार. लेयर किती ते नंतर मोजा, आधी वाजवणाऱ्याला काय लिहून दिलं ते सांगा.

सिडकोचा_बीटमेकर:
ढोल मी स्वतः वाजवलाय, कुणाचे पैसे बुडवले नाहीत.

जुना_नाशिककर:
तुम्ही सगळे फायबरच्या पानावर बोलताय. त्याला नाशिक ढोल कशाला म्हणता? आमच्या लहानपणी चामड्याचं पान असायचं, त्याचा घुमारा भद्रकालीत वाजला तर गोदाकाठी ऐकू यायचा. फायबर नुसतं फाट फाट वाजतं. मुळात चुकीची वस्तू सॅम्पल केली तर आठ काय आणि ऐंशी राउंड रॉबिन काय!

गंगापूररोडकर:
काका, गणपती येतात भाद्रपदात, भर पावसात चामडं सैल पडतं. मिरवणूक आठ-आठ तास चालते. फायबर काही हौस म्हणून नाही आलं.

जुना_नाशिककर:
सैल पडलं की आम्ही शेकायचो. रस्त्याच्या कडेला रद्दी पेटवायची, ढोल आडवा धरायचा आणि बोटाने टिचकी मारत बसायचं, टिचकीचा आवाज कोरडा झाला की उठायचं. माझ्या वडिलांच्या हाताचे केस जळालेले असायचे दहा दिवस. तुमच्या पिढीला दोरी आवळायचासुद्धा कंटाळा.

गंगापूररोडकर:
कंटाळा काढू नका. तळहात फुटेपर्यंत दोरी आवळलीय मी, पावसात भिजत, पट्ट्याने खांदा सोलून निघाला तरी वाजवलंय. फायबरवर वाजवलं म्हणून ते खोटं होत नाही.

पंचवटीचा_तबलजी:
माझ्या मुद्द्याला कुणीच उत्तर दिलं नाही.

पेटीवाली_ताई:
मी पेटी शिकवते, म्हणून मध्ये बोलते. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली होती, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही, सूर पक्के बसवलेले, आपलं वाद्य नाही म्हणून. १९७१ पर्यंत चालली ती. आज पेटीशिवाय मैफल दाखवा. तेव्हा "खरं वाद्य कोणतं" हे चामडं की फायबर यावर ठरवू नका. मात्र तबलजींचं बरोबर आहे. पेटीवर वाजवलं तर श्रेय माझं असतं, सॅम्पलमध्ये ज्याचा हात आहे त्याचं नावही नसतं.

जुना_नाशिककर:
ताई, पेटीचं मान्य. ढोलाचं नाही.

सिडकोचा_बीटमेकर:
रात्री हेडफोन लावून माझंच पॅक ऐकलं. मोबाइलवर कळत नव्हतं पण दुगुणीत (दुप्पट लयीत) टाकलं की खरंच मशीनगन होतंय, आणि पथकवाली फाइल तर ऐकवेना. ती काढून टाकतो. "गरज नाही" हे वाक्यही काढतो, ते चुकलं. पण ८६४ मी करणार नाही. ४ लेयर, ६ राउंड रॉबिन, सहा हात, १४४ हिट्स, एक माइक. आणि आणखी कुणाला वाजवायला बसवलं तर पॅकवर त्याचं नाव आणि प्रत्येक विक्रीत वाटा, हे आधी लिहून देईन.

पंचवटीचा_तबलजी:
लिहून दे, मग डग्गा घेऊन मी येतो.

गंगापूररोडकर:
१४४ चालेल, मी जरा जास्तच ताणलं. दोन गोष्टी सांभाळ. दोरी एकदा आवळलीस की शेवटपर्यंत हात लावू नको, आणि टिपरू मध्येच बदलू नको. आमचं तुटलं होतं, दुसरं घेतलं, तर चौथ्या लेयरपर्यंत एक ढोल आणि पुढे दुसराच वाटायला लागला, सगळं परत वाजवावं लागलं. पंखा बंद कर.

जुना_नाशिककर:
एक तरी चामड्याचा घ्या.

सिडकोचा_बीटमेकर:
काका, ढोल द्या, घेतो. पण आत्ता पावसात नको, मार्गशीर्षात कोरडी हवा असेल तेव्हा.

जुना_नाशिककर:
माळ्यावर आहे वडिलांचा. पान फाटलंय, बसवून घ्यावं लागेल.