जानेवारीत मांडवा ते रत्नागिरी सायकलवर, मोर्शीहून दोघं. सल्ला हवा

संत्राबाग_मोर्शी
राम राम मंडळी. घरची संत्र्याची बाग आहे. डिसेंबर-जानेवारीत आंबिया बहारासाठी झाडं ताणावर सोडतो, पाणी बंद असतं, वर्षात तेवढेच दिवस माणूस मोकळा. औंदा त्या दिवसांत मी आणि माझे मामा (वय ५४, माळकरी, शुद्ध शाकाहारी) कोकणात सायकलनं फिरायचं म्हणतो. मामांनी समुद्र अजून पाहिलेला नाही. मांडव्याहून किनारा धरून रत्नागिरीपर्यंत, आठ दिवसांत.
माझ्याकडे गिअरची हायब्रिड आहे, मामांकडे त्यांची बिनगिअरची काळी, २२ इंची फ्रेमची. दोघांचं मिळून, रेल्वेसकट बजेट १५ हजार. नवी सायकल घ्यायची नाही. सायकली गाडीत कशा न्यायच्या, रस्ता कसा धरायचा आणि काळी सायकल तिकडे निभेल का, एवढं सांगा.

पॅडल_नागपूर
काळी सायकल विसरा. मी ६५ हजारांची टूरिंग सायकल घेतली, स्टीलची फ्रेम, डिस्क ब्रेक, दोन्हीकडे पॅनियर (चाकाच्या बाजूला अडकवायच्या पिशव्या) लागतात. सामान लादून ताडोब्याच्या बाजूनं फिरलो, एकदाही कुरकुर नाही. मामांसाठी तशीच बघा, पैसा एकदाच जातो.

संत्राबाग_मोर्शी
दादा, नवी घ्यायची नाही.

परतवाडेकर
मोर्शीचा माणूस समुद्र पाहायला ८०० किलोमीटर जाणार आणि दाराशी असलेला सातपुडा सोडणार? परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढा. ११०० मीटरच्या वर गाव, महाराष्ट्रात कॉफी पिकते ती तिथं, शेजारी गाविलगड. तिथून सेमाडोह, हरिसाल, धारणी. सार्वजनिक रस्ता सोडून जंगलात शिरायचं नाही, अंधाराच्या आत मुक्कामी पोचायचं. रेल्वेचा खर्च शून्य. आधी आपलं बघा, मग कोकण.

शेगाववारी
परतवाडेकरांशी सहमत, आधी आपलं बघा. पण मामा माळकरी आहेत तर शेगाव करा. शेगावहून खामगाव, मेहकर, लोणार, पुढे सिंदखेडराजा. मेहकरला बालाजीचं दर्शन, लोणारला उल्केनं पडलेलं सरोवर, २०२० पासून रामसर यादीत (जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या) आहे, आणि सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान. १२ जानेवारीला तिथं जन्मोत्सवाची गर्दी असते, तेवढी तारीख सांभाळा. मामांना समुद्रापेक्षा हेच आवडेल, लिहून घ्या.

कारंजा_ताई
त्यांनी कोकणाचं विचारलंय, तर कोकणाचं सांगते. मी आणि मिस्टर याच रस्त्यानं गेलो होतो.

रेल्वे: बडनेऱ्याहून चढू नका. तिथं गाडी थोडा वेळ थांबते, सायकल फलाटावर राहून जाते. अमरावतीहून सुटणारी मुंबई गाडी धरा. ती तिथूनच निघते, त्यामुळे पार्सलवाल्यांना सायकल चढवायला वेळ मिळतो. तिकीट हातात घेऊन दोन-तीन तास आधी पार्सल ऑफिसात जायचं. सायकलीवर नाव, फोन आणि उतरायचं स्टेशन लिहून बांधायचं. पेडल काढा, हँडल आडवं वळवा, दिवे-पंप-बाटली पिशवीत घ्या. मुंबईला सकाळी उतरलात की सीएसएमटीपासून भाऊचा धक्का सायकलनं जवळ आहे. तिथून रो-रो बोट (गाड्याही नेणारी) मांडव्याला तासाभरात सोडते, सायकल बोटीत चढते.

रस्ता: अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड. आगरदांड्याहून फेरीबोटीनं दिघी. मग दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर. बागमांडल्याहून दुसरी फेरी वेसवीला. केळशी, आंजर्ले, हर्णै करत दाभोळ, तिसरी फेरी धोपाव्याला. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी. तवसाळहून चौथी फेरी जयगडला, मग गणपतीपुळे आणि आरे-वारेवरून रत्नागिरी. दिवेआगर-श्रीवर्धन आणि आरे-वारे या दोन तुकड्यांना घाई करू नका, रस्ता अगदी पाण्याला लागून आहे. संध्याकाळची शेवटची फेरी किती वाजता ते आदल्या मुक्कामी विचारून घ्या, चुकली तर खाडीला मोठा वळसा पडतो.

मासळीप्रेमी_वर्धा
हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव चुकवू नका. आणि गुहागरला सुरमईची थाळी खाल्ल्याशिवाय पुढे जायचंच नाही. मामांनाही एकदा चव दाखवा.

संत्राबाग_मोर्शी
मामा माळकरी आहेत हो.

कारंजा_ताई
शाकाहाराची अजिबात काळजी नको. घरगुती खाणावळीत आदल्या दिवशी फोन करून सांगितलं की घावणे, आंबोळ्या, कुळथाची पिठी, सोलकढी, मोदक सगळं मिळतं. श्रीवर्धन, हरिहरेश्वर, गुहागर, गणपतीपुळे इथं तर शाकाहारी जेवणाच्या खाणावळी भरपूर आहेत.

कोळसा_वणी
तुम्हाला खाडी आणि फेरी सुचतात. आमच्याकडे वणी-घुग्गुस रस्त्यावर सायकल चालवून दाखवा. कोळशाचे ट्रक, धूळ, बाजूपट्टीचा पत्ता नाही. चाकाखाली रस्ता आहे की खड्डा तेच दिसत नाही. याच्यावर कोणी धागा काढत नाही.

पॅडल_नागपूर
डिस्क ब्रेक असते तर खड्ड्यात ताबा राहतो. म्हणून म्हणतो सायकल चांगली घ्या.

बाभूळकाटा
मुद्द्याचं बोलतो. तुमच्या हायब्रिडला ७०० मापाचं टायर असणार. ती ट्यूब गावातल्या दुकानात मिळत नाही, कोकणातल्याही नाही. तिथं २६ इंची आणि काळ्या सायकलीची २८ बाय दीड इंची मिळते. त्या अर्थानं मामांची सायकल तुमच्यापेक्षा भरवशाची. स्वतःसाठी दोन ट्यूबा, पंक्चरचं सामान आणि पंप ठेवा. वॉल्व्ह बारीक असेल तर पितळी अडॅप्टर घ्या, दुकानाचा पंप त्याशिवाय बसत नाही. आणि सरावाला बांधावरनं जाऊ नका, बाभळीचा काटा टायरमध्ये मोडून राहतो आणि दोन दिवसांनी ट्यूब फोडतो. निघायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवून बघा.

खराटा_वरूड
काहून घाबरवून रायले मामाले राजेहो. माह्या बापानं काळ्या सायकलवर कापसाचं गाठोडं नेलं जिनिंगपर्यंत, कंदी गिअर पाह्यला नाही. ६५ हजारात तं बैलजोडीचा सौदा होते. सायकल मजबूत आहे, माणूस मजबूत पाह्यजे.

पॅडल_नागपूर
६५ हजारांत बैलजोडी? कोणत्या बाजारात?

खराटा_वरूड
बाजारात या, दाखवतो.

दापोलीत_नोकरी
मूळचा दर्यापूरचा, आता दापोलीत आहे, रोज हे रस्ते बघतो. काळी सायकल चालेल की नाही याचं उत्तर चढात नाही, उतारात आहे. इथं प्रत्येक खाडीपाशी रस्ता खाली उतरतो आणि पलीकडे परत सड्यावर, म्हणजे वरच्या खडकाळ पठारावर, चढतो. चढ लांब नाहीत, पण उभे आहेत, आणि उताराच्या तळाशी वळण असतं. काळ्या सायकलीचे गजाचे ब्रेक (तारेऐवजी लोखंडी गजानं ओढले जाणारे) सामानासकट तिथं पुरत नाहीत. मामांना सांगा, चढ हातात सायकल धरून चढायचा, त्यात काही कमीपणा नाही, पण तीव्र उतारही पायीच उतरायचा. आणि दिवसाला ५० किलोमीटरच्या वर आखणी करू नका. आपल्याकडच्या सपाट ८० पेक्षा इथले ५० जास्त थकवतात. सकाळी लवकर निघा, बाराच्या आत मुक्काम. जानेवारीतही घाम फार येतो, आपल्यासारखी कोरडी हवा नाही.
खाऱ्या हवेनं चेन दोन दिवसांत लाल पडते. रोज संध्याकाळी गोड्या पाण्यानं पुसून तेल. पुळणीवर (किनाऱ्याच्या वाळूत) फोटोपुरतीही चालवू नका, रेती बेअरिंगमध्ये जाते.
१५ हजारांत भागेल, फक्त शनिवार-रविवार आणि २६ जानेवारीच्या आसपास मुक्काम टाळा.

परतवाडेकर
हेच मी सांगतोय. आधी चिखलदऱ्याचा घाट सामान लादून चढा-उतरा. तो जमला तर कोकण जमेल. नाही जमला तर सेमाडोहला जा.

शेगाववारी
घाटापेक्षा शेगाव बरं.

संत्राबाग_मोर्शी
सगळ्यांचे आभार. मामांना धागा वाचून दाखवला. ठरलं ते असं.
कोकणच. चिखलदरा आणि लोणार आपल्या हाताशी आहेत, कापूस वेचून झाल्यावर केव्हाही जाता येईल. समुद्र मामांना या वयात दाखवायचा आहे, पुढे गुडघे साथ देतील का कोणास ठाऊक. सायकल नवी नाही, काळीच. ते म्हणाले, तीस वर्षं जिच्यावर मंडीत गेलो ती सोडून परक्या सायकलवर मी चढणार नाही. मी पुढे बोललो नाही.
पण दापोलीच्या दादांचं उताराचं त्यांनी लगेच मानलं. पुढचे-मागचे ब्रेकरबर नवे टाकतो, गज आवळून घेतो, सामान सगळं माझ्या सायकलवर. आणि रत्नागिरी सोडली. सात दिवसांत गुहागरपर्यंतच जायचं, तिथून चिपळूण स्टेशनला वळायचं. रोजचे ४० किलोमीटरच धरले. हरिहरेश्वरला एक दिवस जास्त, मामांना प्रदक्षिणा करायची आहे.

कारंजा_ताई
हरिहरेश्वरची प्रदक्षिणा ओहोटीलाच करता येते, भरतीला खडकांवर लाटा येतात. देवळात वेळ विचारूनच खाली उतरा. आणि गुहागर-चिपळूण रस्त्यावर गाड्या जास्त असतात, पहाटे निघा.

दापोलीत_नोकरी
चिपळूणहून परत येताना नागपूरच्या विशेष गाडीची तारीख बघा. रोज नसते, पण बडनेऱ्याला थांबते, मुंबईत सायकली बदलायच्या वाचतात. चिपळूण मधलं स्टेशन आहे, म्हणून पार्सलवाल्यांशी आदल्या दिवशीच बोलून ठेवा. दापोलीवरून जाताना कळवा, चहा आमच्याकडे. मामांसाठी बिनकांद्याचं जेवणही होईल.

पॅडल_नागपूर
ब्रेकरबर टाकाल तर गजाच्या ब्रेकचंच मागा, साध्या कॅलिपरचं (तारेच्या ब्रेकचं) बसत नाही. अमरावतीत जुन्या दुकानात मिळेल.