मदत हवीय: आगरातल्या विहिरीसाठी रास्पबेरी पायच ठेवू की ईएसपी ३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड घेऊ?

नमस्कार मंडळी, गुहागरला आमचं नारळ-पोफळीचं आगर आहे, आईबाबा तिथे आणि मी पुण्यात. विहिरीत पाणी किती उरलंय ते मला इथे दिसावं आणि पाणी खाली गेलं की पंप आपोआप बंद व्हावा म्हणून पडवीत रास्पबेरी पाय ३ बी लावलाय (लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर, पुढे नुसतं 'पाय' म्हणतो). विहीर पडवीला लागूनच आहे, त्यावर अल्ट्रासोनिक सेन्सर (आवाजाच्या लहरी सोडून पाण्यापर्यंतचं अंतर मोजतो). सेन्सरचा इको पिन (मोजमापाचा सिग्नल देणारा) ५ व्होल्ट देतो आणि पायला ३.३ च्या वर चालत नाही, म्हणून मधे १ के आणि २ के चे रेझिस्टर टाकलेत, ते नीट चालतंय.

चालू असतो तेव्हा पाय खरंच भारी आहे. ग्राफ, माकडं कधी शिरतात ते बघायला कॅमेरा, सगळं एकाच बोर्डावर, आणि काही चुकलं तर मी इथून एसएसएच करून (नेटवरून लॉगिन करून) पायथनचा कोड बदलतो.

पण मे मधे वळीव सुरू झाले आणि लाईटचा खेळखंडोबा. दुसरं एसडी कार्ड गेलं, पायची सगळी सिस्टीम त्यावरच असते. पायला स्वतःचं घड्याळ नाही, वेळ नेटवरून घेतो, लाईट आली तरी टॉवर बंद म्हणून नेट नाही, मग लॉगमधे दुपारी तीनची रीडिंग सकाळच्या वेळेने पडतात. खाऱ्या वाऱ्याने जंपर वायरच्या तोंडाला हिरवं चढलंय ते वेगळंच. आणि परवा व्होल्टेज पडून प्रोग्राम अडकला, रिले (पंप चालू-बंद करणारा स्विच) चालूच राहिला आणि पंप कोरडा फिरला, बाबांना आवाज वेगळा आला म्हणून धावत जाऊन त्यांनी मेन स्विच पाडला. मोटर वाचली, पण आता मला भरवसा वाटत नाही. पायला यूपीएस लावून भागेल का?

---

दादा, यूपीएस लावा, पण पंप पायकडून काढाच. एवढ्या कामाला पूर्ण लिनक्स कशाला? ईएसपी ३२ ला एसडी कार्ड नाही, लाईट आली की लगेच उठतो, वॉचडॉग (प्रोग्राम अडकला का ते बघणारा टायमर) चालू ठेवलात तर अडकला तरी स्वतः रीसेट होतो. रिले नॉर्मली ओपनवर (सिग्नल नसला की सर्किट तुटलेलं) जोडा, म्हणजे बोर्ड मेला की पंप बंद. पाय ग्राफ आणि कॅमेऱ्याला ठेवा, त्याला डीएस३२३१ हे बॅटरीवर चालणारं घड्याळ लावा आणि रास्पी-कॉन्फिगमधून (पायचा सेटिंगचा मेनू) ओव्हरले फाईल सिस्टीम चालू करा, म्हणजे एसडी कार्डावर काही लिहिलं जात नाही. मात्र मग लॉग रॅममधे राहून लाईटबरोबर जातात, ते पेनड्राइव्हवर घ्या. वायरी सोल्डर करून वर कॉन्फॉर्मल कोटिंग (ओल अडवणारा पातळ थर) मारा, फक्त सेन्सरच्या तोंडावर नको.