सिंगापूरची जुनी फोर्ड फॅक्टरी: बाबा आणि मुलाला घेऊन जावं का?

मुळाकाठ: डिसेंबरात बाबांना आणि दहा वर्षांच्या लेकाला घेऊन सिंगापूरला येतोय. हातात चारच दिवस. बाबा इतिहासाचे निवृत्त शिक्षक, ब्रिटिशांनी शरणागती पत्करली ती फोर्ड फॅक्टरी त्यांना बघायचीच आहे. मुलाला झेपेल का?

निशिगंधा: नक्की न्या. बारा वर्षं इथे राहते, चारदा जाऊन आलेय. अप्पर बुकित तिमा रोडवर आहे, सोमवारी बंद असते. मोटारींची जुळणी करायचा कारखाना होता तो. १५ फेब्रुवारी १९४२ ला ब्रिटिश सेनापती जनरल पर्सिव्हल जपानी सेनापती यामाशिताच्या पुढ्यात शरणागतीला बसला ती खोली जागच्या जागी आहे. तिथलं टेबल मात्र प्रतिकृती. मूळचं ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या युद्धस्मारकात. बाबांना आधीच सांगून ठेवा.

पण त्या खोलीतच वेळ घालवू नका. पुढे जपानी राजवटीतलं साडेतीन वर्षांचं रोजचं जगणं मांडलंय, खरं ते बघा. शहराचं नाव 'स्योनान' केलं, घड्याळं टोकियोच्या वेळेला लावायला दीड तास पुढे ढकलली. जपान्यांच्या दहा डॉलरच्या नोटेवर केळीचं झाड, म्हणून लोक तिला 'बनाना मनी' म्हणत. नंतर नोटा इतक्या छापल्या की त्यांवर अनुक्रमांकही उरले नाहीत. मुलाला नोटा नीट बघू द्या, त्याला त्या कळतील. 'सूक चिंग'चा भाग मात्र आधी तुम्ही वाचा. चिनी पुरुषांना वेचून काढून मारलं. जपानी आकडा पाच हजारांच्या आसपास, इथले चिनी लोक त्याच्या कितीतरी पट सांगतात.

२०१७ मध्ये दालनाचं नाव 'स्योनान गॅलरी' ठेवलं होतं. लोक इतके दुखावले की दोन दिवसांत बदलावं लागलं. मला ते अगदी रास्त वाटलं.

दर्यावर्दी: काकांना फॅरर पार्कही दाखवा. १७ फेब्रुवारीला हिंदी युद्धकैद्यांना तिथे गोळा करून जपान्यांच्या ताब्यात दिलं आणि त्यांच्यातल्याच कॅप्टन मोहन सिंगांनी आझाद हिंद सेनेची हाक दिली. नेताजींनी आझाद हिंद सरकार जाहीर केलं ते २१ ऑक्टोबर १९४३ ला, कॅथे इमारतीत. तिचा दर्शनी भाग अजून उभा आहे.

मुळाकाठ: बाबांना वाचून दाखवलं, खूश आहेत. निशिगंधाताई, तो काळ बघितलेलं कुणी भेटलंय का तुम्हाला?

निशिगंधा: आमच्या मजल्यावरच्या चिनी आजी. तेव्हा आठ वर्षांच्या होत्या. शरणागतीच्या दिवशी त्यांचं नवीन वर्ष सुरू झालं होतं, घरात कुणी फटाका लावला नाही, एवढंच त्या सांगायच्या. बाकी विषय निघाला की उठून चहा ठेवायच्या.

एका एकादशीला मी त्यांना साबुदाण्याची खिचडी नेऊन दिली. दोन घास आवडीने खाल्ले, मग विचारलं, हे कशाचं? मी टॅपिओका म्हटलं. चमचा हळूच ताटलीत ठेवला त्यांनी. भात मिळेनासा झाल्यावर तोच कंद उकडून, किसून, भाकरीसारखा थापून रोज खाल्ला होता. माझा हात धरून म्हणाल्या, तुझं काही चुकलं नाही गं.

तेव्हापासून त्यांच्याकडे उपवासाची भगरच नेत होते.